मागच्या खोलीतील सापांची आणि माझ्या नणंदेची व्यवस्था

मी, बेरिल ऑर्मरॉइड, कै. केनेथ ऑर्मरॉइड यांची विधवा, वय वर्षे सत्याहत्तर, पूर्वीचा धंदा लोकांच्या घरी भिंतीतली कपाटे बसवणे, आताचा धंदा मरणाची वाट पाहणे, राहणार क्विकथॉर्न लेन, हडर्सफील्ड, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, माझ्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. शरीर खिळखिळे झाले आहे. डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझी नणंद मॉरीन थ्वेट बेकरीच्या रांगेत उभी राहून 'बेरिलचं डोकं सापांनी खाल्लं' असे सांगत असते. साप डोके खात नाहीत. ते उंदीर खातात, आणि खाल्ल्यावर गप्प बसतात.

याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतल्या एकात मी सगळे काही मॉरीनला दिले होते, आणि ते मनापासून दिले होते. ते मेबल जाण्याच्या आधीचे होते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकील मिस हेगर्टी यांनी करावी. त्यांनी मला याचा मसुदा टाइप करून दिला होता. तो नीटनेटका होता, पण त्यात माणसे नव्हती. म्हणून कायद्यापुरते त्यांचे शब्द ठेवून बाकीचे मी लिहिले आहे. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मिसेस ऑर्मरॉइड, तुम्हाला खरंच असंच करायचंय?" मी हो म्हटले. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा हो म्हटले.

आधी घर. हे एकमजली घर माझ्या सासऱ्यांनी बांधले. दारात पायरी नाही, आत जिना नाही. सासऱ्यांनंतर ते केनला मिळाले, केननंतर मला. मॉरीन त्याला अजूनही 'आमचं घर' म्हणते. ती स्वतः वेव्हर्ली कोर्टमध्ये चौथ्या मजल्यावर भाड्याने राहते. तिथली लिफ्ट बंद असते, भिंतींना ओल आहे आणि तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले आहेत. किराणा घेऊन वर जाताना ती जिन्यातच बसते आणि पिशवी मांडीवर घेऊन दम खाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिला या घराची गरज आहे. हे मी इथे मुद्दाम लिहिते, म्हणजे मला ते माहीत नव्हते असे मागून कोणी म्हणायला नको.

तर हे घर, त्याच्या मागच्या बागेसह आणि आतल्या सामानासह, मी माझी नणंद मॉरीन थ्वेट हिला देते. कोणतीही अट नाही. ही देणगी कोणत्याही कारणाने कायद्यात टिकली नाही, तर घर आणि सामान कॉलिन बॅराक्लो याला जावे. कॉलिन हा आमच्या सर्पपालकांच्या मंडळातला माणूस. त्याच्याविषयी पुढे येईलच.

घर तिच्या नावे लिहिते आहे हे मी मॉरीनला सांगितले आहे. ती रडली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बेरिल, तू ना, वरून काटेरी पण आतून सोनं आहेस." मग तिने डोळे पुसले, पर्समधून मापाची टेप काढली आणि थेट मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. आत ती अगदीच नाइलाज झाला तर जाते. दारातूनच म्हणाली, "माझा पलंग इथे येईल. हे सगळं एकदा गेलं ना, की फिकट पिवळा रंग लावू. आईला आवडायचा." पर्समध्ये टेप घेऊन फिरणारी बाई मी कपाटे बसवायच्या धंद्यातसुद्धा पाहिली नव्हती.

आता ही मागची खोली. लग्न झाले तेव्हा ती बाळासाठी म्हणून रिकामी ठेवली होती. बाळ आले नाही. काही वर्षांनी केनने तिथे खेळण्यातल्या आगगाड्या मांडल्या. रूळ, बोगदे, सिग्नल, प्लॅटफॉर्मवर पिनेच्या डोक्याएवढी माणसे. एका रविवारी सगळे जेवायला जमलेले असताना सासूबाई मटणावर ग्रेव्ही ओतता ओतता म्हणाल्या, "ती खोली म्हणजे नुसती जागा वाया." त्यावर मॉरीन म्हणाली, "असं कसं आई? बेरिलच्या खोलीत निदान गाड्या तरी हलतात." सगळे हसले. केनही हसला. त्याने नंतर माफी मागितली, पण हसला तेव्हा सगळ्यांदेखत आणि माफी मागितली ती बाथरूमच्या दाराआडून.

केनची रक्षा शेडमध्ये बिस्किटांच्या डब्यात आहे. ती तिथेच राहू द्यावी. माझी तिच्यात मिसळू नये.

मेबल माझ्याकडे आली ती मी एका भाड्याच्या घरात कपाट बसवायला गेले होते तेव्हा. भाडेकरू पळून गेला होता आणि मागे एक गादी, एक सायकलचे चाक आणि काचेच्या टाकीत एक अजगर ठेवून गेला होता. आफ्रिकेतली बुटकी जात ती, घाबरली की स्वतःचीच गुंडाळी करून डोके आत लपवते. घरमालक तिला फावड्याने मारायला निघाला होता. मी उशीच्या अभ्र्यात घालून तिला घरी आणले. ती माझ्या मांडीवर अभ्र्यासकट बसली होती, आणि बसमधल्या बाईने विचारले, "लोकर का?" मी म्हटले, "हो, जाड विणीची."

केन म्हणाला, "ती तरी राहील नाहीतर मी तरी." मी त्याला सांगितले की त्याच्या बॅगेची चेन अडकते, तिला आधी मेण लाव. तो गेला नाही. गाड्या मात्र गेल्या. शेडमध्ये.

मग मी ती खोली बांधली. 'सजवली' हा शब्द मला चालणार नाही, बांधली. भिंतींना आतून थंडी अडवणारे तक्ते ठोकले, जमिनीकडेच्या फटी बुजवल्या, दाराखाली ब्रशची पट्टी लावली, कारण साप निसटतो तो फटीतून, दारातून नाही. खिडकीला जाड पडदा टाकला. आणि पेट्या केल्या. सासूबाईंचे अक्रोडाच्या लाकडाचे कपाट होते, घराण्याचे, तीन दारांचे, मॉरीनचा त्यावर फार जीव. ते मी आडवे पाडले आणि करवतीने त्याचे तीन भाग केले. सांधे सिलिकोनने भरले, समोर सरकत्या काचा आणि कुलपे बसवली, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर जाळीच्या खिडक्या ठेवल्या, म्हणजे हवा खेळती राहते. प्रत्येक पेटीची एक बाजू ऊबदार, दुसरी गार, दोन्हीकडे लपायला एकेक घर. सापाला ऊब आणि गारवा यांत निवड करता आली पाहिजे. मला या घरात ती कधी करता आली नव्हती.

मॉरीन आली, तिने कपाट पाहिले आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. "आईचे कोट होते त्यात!" म्हणाली. मी म्हटले, "आता त्यात सापांची कात असते. मधूनमधून टाकून देतात, कोटांसारखी जपून नाही ठेवत." ते वाक्य मला अजून आठवते आणि अजून गोड लागते. कपाटाचे ते तीन भाग, त्यांवरच्या पितळी मुठींसह, मी मॉरीनला देते. जोडून घ्यायचे असतील तर घ्यावेत.

खोलीच्या सगळ्या गुपितांत एकच गुपित जिवावरचे आहे. प्रत्येक पेटीत छताला हीटर असतो. त्याला किती वेळ तापायचे ते एक छोटे यंत्र ठरवते, आणि त्या यंत्राला पेटीत किती ऊब आहे ते एक राखाडी वायर सांगते. वायरीच्या टोकाला वाटाण्याएवढी घुंडी असते. घुंडी पेटीत, म्हणून यंत्राला कळते. घुंडी बाहेर काढून गार जागी ठेवली, तर यंत्राला वाटते की पेटीच गार पडली, आणि ते हीटर पेटवते आणि पेटवतच राहते. आमच्या मंडळात नवीन माणूस आला की त्याला सापाला हात लावायला शिकवण्याआधी घुंडीला हात न लावायला शिकवतात.

माझ्या खुब्याचे ऑपरेशन ठरले तेव्हा जानेवारी होता आणि कॉलिन स्पेनला मुलीकडे गेला होता. मी मॉरीनला किल्ल्यांचा जुडगा दिला. खायला घालायचे नव्हते, कुलूप उघडायचे नव्हते. दारातून आत जायचे, मेबलच्या यंत्रावरचा आकडा बघायचा आणि मला फोनवर सांगायचा. मेबलची पेटी दारासमोरच आहे. दारावर मी ठळक अक्षरात कागद चिकटवला: 'वायरीला हात लावू नये. आकडा एकतीस हवा. वेगळा दिसला तर मला लगेच फोन.'

मी रोज इस्पितळातून विचारायची, "आकडा किती?"

"एकतीस."

"आत जाऊन बघितलास ना?"

"अगं हो गं बाई! तुला काय वाटतं, मी काय स्वयंपाकघरात बसून सांगते? एकतीस म्हणजे एकतीस. तू आपली विश्रांती घे."

ती स्वयंपाकघरात बसूनच सांगत होती. वास येईपर्यंत खोलीत ती एकदाच गेली होती, पहिल्या दिवशी; हे तिनेच मला नंतर हसत हसत सांगितले. दारावरचा कागद तिने अर्धा वाचला, म्हणजे फक्त आकडा वाचला. मग तिला ती लोंबणारी राखाडी वायर दिसली. वायर तिला सापासारखी वाटली, तिची किंकाळी फुटली, आणि वायरच आहे हे कळल्यावर तिला स्वतःचाच राग आला. नीटनेटकेपणाची तिला भारी हौस. तिने पेटीच्या मागच्या भोकातून ती ओढून काढली, छान वेटोळे केले, चॉकलेटच्या डब्याची निळी रिबीन बांधली आणि पडद्यामागे खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिली. बाहेर बर्फ होता.

मेबल गार बाजूला गेली असेल. मग पाण्याच्या भांड्यात जाऊन बसली असेल. काचेला तोंड घासले होते, त्याची खूण खालच्या कोपऱ्यात होती. माझ्याजवळ ती केनपेक्षा जास्त वर्षे राहिली. मी खोलीत गेले की डोके बाहेर काढायची. मला ओळखत होती असे मी म्हणणार नाही, लोक हसतात. पण ओळखत होती.

मी घरी आले तेव्हा पेटी रिकामी आणि धुतलेली होती. मॉरीन केक घेऊन बसली होती.

"तो तुझा मोठा साप गेला गं. वास यायला लागला म्हणून बघितलं. काल कचऱ्याची गाडी होती, टाकला पिशवीत घालून. तुला त्रास नको म्हणून."

"पिशवीत?"

"दोन पिशव्या लावल्या, एकात एक. म्हातारी झाली होती ना ती? घे, केक खा. दुसरा आण एखादा, छोटासा. दुकानात मिळतात."

ती चूक होती, हे मला माहीत आहे. तिने मुद्दाम केले नाही. मुद्दाम काही करण्याइतके लक्ष मॉरीन कशातच घालत नाही. वायरीची चूक मी गिळली असती. दोन पिशव्याही कदाचित गिळल्या असत्या. पण पुढच्या आठवड्यात बिंगोच्या हॉलमध्ये ती माझ्याविषयी बोलत होती, आणि मी कुबड्या घेऊन तिच्या मागेच उभी होते. टेबलाभोवतीच्या बायकांना म्हणाली, "चला, बेरिलच्या खोलीत पुन्हा सगळं गप्प. आता तर गाड्यासुद्धा नाहीत." आणि हसली. सगळ्या हसल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले, माझे तिकीट खेळले आणि हॅम जिंकले.

तेव्हापासून मी तिच्याशी अतिशय चांगली वागते. दर गुरुवारी ती येते, मी चहा करते, तिच्या गुडघ्यांची चौकशी करते. तिचा राग आहे असे तिला वाटतच नाही. राग मी तिच्या आईच्या कपाटासारखाच वापरला, कापून, सांधे बुजवून, कुलूप लावून.

आता साप. बोआ जातीचा आल्फ्रेड आणि मक्यासाप म्हणतात त्या बिनविषारी जातीचे दोघे, सॉल्ट आणि व्हिनेगर, हे वर सांगितलेल्या कॉलिन बॅराक्लोला द्यावेत. उंदीर फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात आहेत, माशाचे तुकडे वरच्या. केनने हा क्रम एकदाच चुकवला होता. उंदीर कोमट पाण्यात सैल करावेत, मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. आल्फ्रेडकडे बघत राहिले तर तो खात नाही. तेवढा मान त्याला द्यावा. खाल्ल्यावर दोन दिवस कोणाला उचलू नये. कॉलिनच्या बायकोला साप आवडत नाहीत आणि त्याला त्याचे तीन साप गॅरेजमध्ये ठेवावे लागतात, हिवाळ्यात तो बिचारा तिथे बसून हीटरशी बोलतो. त्याला एक बांधलेली खोली मिळाली तर मला आनंद होईल. ती मिळेल की नाही हे माझ्या हातात ठेवलेले नाही.

माझी करवत, रंधे आणि छिन्न्या मंडळाला द्याव्यात. ड्रिल मला शेजारच्या क्लिफर्ड ओल्डरॉइडला द्यायचे होते, पण ते मी या कागदातून देत नाही; काल त्याच्या हातातच दिले. कारण तो साक्षीदार आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. या देशाचा कायदा आहे तसा. ज्याने साक्षीदार म्हणून सही केली त्याला लिहून दिलेले सगळे रद्द होते, मृत्युपत्र मात्र उभे राहते. मिस हेगर्टी यांनी हे मला तीनदा समजावले. पहिल्यांदाच समजले होते, बाकीच्या दोनदा मी फक्त मजा म्हणून ऐकले.

अंत्यविधीनंतरच्या चहाला हॅम सँडविच नकोत. मॉरीनने भाषण करू नये. करेलच.

हे शेवटचे पान मी ठळक अक्षरात लिहिते आहे, दारावरच्या कागदासारखे.

मॉरीन, हे तुझ्यासाठी. येत्या गुरुवारी तू येशील, क्लिफर्डलाही मी बोलावले आहे. मी म्हणेन की दोन सह्या लागतात आणि एक तुझी चालेल. कागद मी तुझ्यासमोर याच पानावर उघडा ठेवेन. ज्या निळ्या रिबिनीने तो बांधला आहे ती तू ओळखशील, कारण गाठ तुझीच आहे. चष्मा तू नेहमी विसरतेस, म्हणून केमिस्टकडून तुझ्या नंबरचा आणून कागदाशेजारी ठेवला आहे. मी स्पष्ट म्हणेन, "आधी वाच." दोनदा म्हणेन. क्लिफर्ड ऐकेल.

वाचलेस, तर पेन खाली ठेव. सही करू नकोस. समोरच्या घरातल्या मिसेस पिकरस्गिलना हाक मार, त्या गुरुवारी घरीच असतात, त्या तुझ्या जागी सही करतील. मग हे घर तुझे. दारात पायरी नाही, आत जिना नाही. पिवळा रंग लाव. मी मेल्यावरही तुला अडवणार नाही, आणि मेबलचे आपले फिटले.

नाही वाचलेस, तर जिना चढ.

सदरहू मृत्युपत्र मी खालील दोन साक्षीदारांच्या समक्ष, त्यांना वाचण्याची पुरेशी संधी देऊन, शुद्धीत आणि समाधानात सही केले.

(सही) बेरिल ऑर्मरॉइड
स्थळ: क्विकथॉर्न लेन, हडर्सफील्ड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

साक्षीदार पहिला:
(सही) क्लिफर्ड ओल्डरॉइड
पत्ता: शेजारचे घर, क्विकथॉर्न लेन

साक्षीदार दुसरा:
(सही) मॉरीन थ्वेट
पत्ता: वेव्हर्ली कोर्ट, चौथा मजला (लवकरच बदलणार आहे)